प्रत्येक धुपणी सारखी नसते

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार स्त्रिया आजही मोकळेपणाने सांगत नाहीत. पुष्कळदा औषधालयाच्या गल्ल्यापाशी सासू किंवा नणंद दबक्या आवाजात 'धुपणीचे औषध द्या' म्हणते आणि पुष्यानुग चूर्णाची डबी व लोध्रासवाची बाटली तिच्या हाती पडते. रुग्णेची तपासणी नाही, स्रावाची विचारपूस नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस या व्याधीत ही घाई विशेष नडते, असे आमचे मत आहे.

प्रजननक्षम वयातील निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जीवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात आणि तेथील पीएच सामान्यतः ४.५ पेक्षा कमी राहतो. हे जीवाणू घटले की गार्डनरेला व प्राणवायूविना वाढणारे इतर जीवाणू बोकाळतात. स्राव पातळ, एकसारखा, करडा-पांढरा होतो. माशासारखी दुर्गंधी येते व ती समागमानंतर वाढते. कंडू बहुधा नसतो. दह्याच्या कवडीसारखा स्राव व तीव्र कंडू असल्यास कॅन्डिडाचा, तर हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असल्यास ट्रायकोमोनासचा विचार करावा.

निदानासाठी ॲम्सेल यांनी १९८३ साली मांडलेले चार निकष आजही उपयुक्त आहेत : विशिष्ट स्राव, ४.५ पेक्षा अधिक पीएच, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारी दुर्गंधी आणि सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या 'क्लू' पेशी. चारपैकी तीन मिळाल्यास निदान होते. सूक्ष्मदर्शक प्रत्येकाकडे नसेल, परंतु पीएचची पट्टी ठेवण्यास काहीच अडचण नसावी. स्राव योनीच्या पार्श्वभित्तीवरून घ्यावा. आर्तव किंवा शुक्राचा अंश असल्यास पीएच वाढलेला दिसून फसगत होते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. हा व्याधी कफज योनिव्यापद् म्हणून सरसकट मांडला जातो. आम्हांस ते पूर्णतः पटत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात कफजेची लक्षणे पैच्छिल्य, शैत्य, पांडुता व कंडू अशी आहेत. कुणपगंधी स्राव मात्र पित्तजेत सांगितला आहे. अचरणेत जंतूंचा उल्लेख आहे खरा, पण तिचे प्रमुख लक्षण कंडूच. स्रावाचा वर्ण कफाचा आणि गंध पित्ताचा, म्हणून येथे कफपित्त-संसर्ग मानून चिकित्सा योजणे आम्हांस अधिक युक्त वाटते. दाह असणाऱ्या रुग्णेस केवळ उष्ण-तीक्ष्ण कफघ्न द्रव्ये देत राहिल्यास त्रास वाढण्याचाच संभव अधिक.

आभ्यंतर चिकित्सेत अग्नीचा विचार करून पुष्यानुग चूर्ण ३ ग्रॅम दोन वेळा मध व तंडुलोदकासह द्यावे. स्थानिक चिकित्सेत न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ, प्लक्ष व पारीष यांच्या त्वचेचा क्वाथ योनिधावनास वापरला जातो. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. योनिमार्ग वारंवार आतून धुणे हे या व्याधीच्या उद्भवाशी निगडित असल्याचे आधुनिक निरीक्षण आहे. धावन ही मर्यादित दिवसांची, वैद्याच्या देखरेखीखालील चिकित्सा आहे, नित्याची स्वच्छता नव्हे. ताजा गाळलेला कोमट क्वाथ, निर्जंतुक साधने, अल्प दाब आणि सुमारे सात दिवसांची मर्यादा पाळावी. रजःकाळात धावन करू नये. सुगंधी 'वॉश' दररोज वापरण्याचा सल्ला औषध विक्रेत्यांनी कृपया देऊ नये.

गर्भिणीस धावन नकोच. या व्याधीचा अकाल प्रसूतीशी संबंध आढळला आहे. म्हणून लक्षणे असणाऱ्या गर्भिणीस विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ओटीपोटात वेदना, ज्वर किंवा रक्तमिश्रित स्राव असल्यासही हाच नियम. तेथे मेट्रोनिडॅझोल सुरू झाल्यास ते मध्येच बंद करण्यास सांगू नये.

पुनरुद्भव ही या व्याधीची खरी डोकेदुखी. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, पतीवरही तोंडावाटे व स्थानिक प्रतिजैविकांनी उपचार केल्यावर १२ आठवड्यांतील पुनरुद्भव ३५ टक्के, तर केवळ स्त्रीवर उपचार केल्यावर ६३ टक्के आढळला. तेव्हा वारंवार परतणाऱ्या रुग्णेच्या पतीलाही बोलावून घ्यावे. तो सहजी येत नाही. तरीही चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे आणि पुढील रजःकाळ संपल्यावर रुग्णेचा पीएच पुन्हा तपासावा.