दर दहा दिवसांनी बैकल

सैबेरियातले बैकल सरोवर सहजासहजी बदलणार नाही, असे मानायला एके काळी सबळ कारणे होती. वय सुमारे अडीच कोटी वर्षे, खोली १,६४२ मीटर, आणि पृथ्वीच्या पाठीवरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या सरोवरात. आपल्या मापाने सांगायचे तर कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. बैकल भरायला अशी सुमारे आठ हजार धरणे रिती करावी लागतील. एवढा साठा हवेतल्या थोड्याशा उबेला दाद देणार नाही, हा अंदाज तर्काला धरूनच होता. तो चुकला. चूक उघड झाली ती तीन पिढ्यांनी चिकाटीने ठेवलेल्या, बरीचशी कंटाळवाणी म्हणावी अशा नोंदींमुळे.

इर्कुत्स्क विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ मिखाईल कोझोव्ह यांनी दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, बोल्शिये कोती या गावासमोर किनाऱ्यापासून सुमारे पावणेतीन किलोमीटरवर एक जागा निवडली. दर सात ते दहा दिवसांनी तिथे जायचे, पृष्ठभागापासून अडीचशे मीटरपर्यंत ठरावीक खोल्यांवर तापमान मोजायचे, जाळी सोडून प्लवक गोळा करायचे, पांढरी तबकडी किती खोलवर दिसते ते लिहायचे. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून. १९६८ मध्ये कोझोव्ह गेले. पुढे कन्या ओल्गा कोझोव्हा आणि त्यांच्यानंतर नात ल्युबोव्ह इझमेस्त्येवा यांनी काम चालू ठेवले. मधल्या काळात सोव्हिएत संघ मोडला, पण नोंदवही मिटली नाही. ‘यातून सिद्ध काय करणार?’ असे विचारून दर तीन वर्षांनी अहवाल मागणाऱ्या आजच्या एखाद्या निधी समितीसमोर हा प्रस्ताव टिकला असता का, याची शंकाच आहे.

स्टेफनी हॅम्प्टन आदी अमेरिकी शास्त्रज्ञांसह या गटाने २००८ मध्ये साठ वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९४६ पासून पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंश सेल्सियसने तापले होते. एवढ्याशा वाढीने काय होते, असे कोणी म्हणेल. पण १,६४२ मीटरचा आकडा इथे दिशाभूल करतो. सूर्यप्रकाश वरच्या थरातच पोचतो, म्हणून अन्न तिथेच तयार होते आणि बदलही आधी तिथेच जाणवतो. बैकलचे स्थानिक डायटम तर बर्फाखालीच बहरतात, कारण इथला बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो. त्यांच्यावर आणि इतर सूक्ष्म शैवालांवर जगतो एपिशुरा हा इथलाच, थंडी मानवणारा सूक्ष्म कवचधारी जीव. उलट, जगभर आढळणाऱ्या आणि ऊब मानवणाऱ्या पाणपिसवा १९४६ पासून ३३५ टक्क्यांनी वाढल्या; हरितद्रव्य १९७९ पासून ३०० टक्क्यांनी. म्हणजे पंगतीत नव्या पाहुण्यांची संख्या वाढते आहे, आणि कोण कोणाला खातो हे गणित त्यामुळे बदलू शकते.

खरा आक्षेप वेगळाच आहे. अडीच कोटी वर्षांत या सरोवराने हिमयुगेही पाहिली. मग ही साठ वर्षे म्हणजे नेहमीचाच चढउतार कशावरून नसेल? दहा वर्षांच्या नोंदी असत्या तर हा आक्षेप खोडता आला नसता. उष्ण वर्षांमागून थंड वर्षे येतात, डायटमचा बहरही एका वर्षी उदंड तर पुढच्या वर्षी नावाला असतो. साठ वर्षे सलग मोजले, तरच या हेलकाव्यांतून एकाच दिशेची चाल वेगळी काढता येते. तिला स्वतंत्र दुजोराही आहे: लिस्तव्यांका इथल्या नोंदींनुसार १८६९ ते १९९६ या काळात सरोवर गोठणे ११ दिवसांनी लांबले आणि बर्फ फुटणे ७ दिवस अलीकडे आले. बर्फातल्या बिळांत पिल्ले वाढवणाऱ्या नेर्पा सीलसाठी हे अठरा दिवस थोडे नव्हेत.

दुसरा संशय १९६६ पासून २०१३ पर्यंत चाललेल्या बैकाल्स्कच्या कागद-लगदा कारखान्यावर जातो. प्रदूषणाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. काठालगत फोफावणाऱ्या स्पायरोगायरा शेवाळामागे वस्त्यांचे सांडपाणी आहेच. मात्र सांडपाण्याने सरोवर उशिरा गोठत नाही. आणि हे एकाच ठिकाणचे मोजमाप सहाशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या सरोवराला कसे लावायचे, हा प्रश्न रास्तच आहे; तीन खोऱ्यांच्या या सरोवराचे उत्तर टोक वेगळे वागू शकते. त्यावर उपाय म्हणून उपग्रहाकडे बोट दाखवले जाते. उपग्रह पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग सगळ्या सरोवरभर टिपतो. शंभर मीटर खाली एपिशुरा किती आणि पाणपिसवा किती, हे मात्र त्याला दिसत नाही. त्यासाठी जाळीच सोडावी लागते, आणि हिवाळ्यात तिच्यासाठी आधी बर्फाला भोक पाडावे लागते.