रेलगनचं घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

रेलगनच्या चाचणीचा व्हिडिओ पाहिला की एक प्रश्न हमखास पडतो. या तोफेत दारूच नसते, गोळा फक्त विजेच्या जोरावर सुटतो. मग तोंडातून एवढा आगीचा लोळ कसा बाहेर पडतो? रेलगनचं सगळं दुखणं या आगीतच आहे.

तोफेच्या नळीत धातूचे दोन समांतर रेल असतात. त्यांच्यामध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा एक तुकडा बसवतात आणि तोच गोळ्याला ढकलतो. लाखो अँपिअरचा प्रवाह एका रेलमधून येतो, तुकड्यातून पलीकडे जातो आणि दुसऱ्या रेलमधून परततो. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र तुकड्याला पुढे फेकतं. काही मिलिसेकंदांत वेग सेकंदाला 2 किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे युद्धनौकेवरच्या नेहमीच्या तोफेच्या दुपटीहून जास्त. एवढ्या वेगात गोळ्यात स्फोटकंही लागत नाहीत, नुसती धडक पुरते. क्षेपणास्त्रापेक्षा असा गोळा कितीतरी स्वस्त पडतो, म्हणून नौदलांना त्याचा मोह.

पण तुकडा रेलला घासत जातो, ठिणग्या उडतात, ॲल्युमिनियम वितळून पेट घेतं. आगीचा लोळ तो हाच. सोबत रेलही झिजतात आणि प्रवाहामुळे एकमेकांना बाहेरही ढकलत असतात. थोडक्यात, प्रत्येक गोळा जाताना तोफेचं आयुष्य खातो.

अमेरिकेला याचा चांगलाच फटका बसला. तिच्या नौदलाने 2005 मध्ये काम सुरू केलं. डिसेंबर 2010 मध्ये व्हर्जिनियातल्या डालग्रेनला 33 मेगाज्यूलची विक्रमी चाचणी झाली. एक टनाची गाडी ताशी 160 किलोमीटरने आदळली तर साधारण 1 मेगाज्यूल होतो. अशा 33 गाड्या! तरीही सुमारे 50 कोटी डॉलर खर्चून 2021 मध्ये काम थांबलं. तोफ चालत होती, टिकत नव्हती. शिवाय पैसा हायपरसॉनिक क्षेपणास्त्रांकडे वळला. डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी जाहीर केलेल्या युद्धनौकांच्या आराखड्यात रेलगन पुन्हा दिसली, पण सध्या ती कागदावरच आहे.

चीनच्या ‘हायांगशान’ जहाजावर अशीच तोफ बसवल्याचे फोटो 2018 मध्ये व्हायरल झाले. अधिकृतपणे चीन फारसं बोलत नाही.

जपानने मात्र 2016 पासून वेगळा रस्ता धरला. तोफ छोटी, 40 मिलिमीटरची, आणि भर ताकदीपेक्षा टिकण्यावर. 120 गोळ्यांनंतरही नळी तग धरेल, हे आधी साधलं. मग ऑक्टोबर 2023 मध्ये जहाजावरून पहिल्यांदा मारा झाला. 2025 मध्ये ‘असुका’ या चाचणी जहाजावरून समुद्रातल्या खऱ्या जहाजावर नेम धरला गेला.

आपल्याकडे पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या एआरडीई या संस्थेतही रेलगनवर काम झालंय. तिथली सुरुवात 12 मिलिमीटरच्या चौकोनी नळीपासून झाली.

आणि वीज? ‘असुका’वर त्यासाठी कंटेनर भरून यंत्रणा डेकवरच ठेवावी लागली.