म्हणे, असावं आणि आहे

लेखमाला : परक्या वर्गात
लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण जर्मन विद्यापीठातल्या वर्गाच्या दारापर्यंत पोचलो होतो. वेळापत्रकात तासापुढे 'सी.टी.' लिहिलेलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो आणि 'एस.टी.' असेल तर अगदी ठोक्याला, हे पाहिलं. (या एस.टी.चा आपल्या लाल डब्याशी काही संबंध नाही!) आज दार उघडून आत बसू. तास सेमिनारचा आहे.

पंधरा-वीस विद्यार्थी. त्यांतला एक जण नेमून दिलेल्या विषयावर बोलतो. याला तिथे 'रेफेराट' म्हणतात. त्याचं बोलणं संपलं की सगळे बोटांची पेरं बाकावर ठोकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, वर्ग चिडला. प्रत्यक्षात त्या टाळ्या असतात. मग चर्चा सुरू होते, आणि पुण्याहून गेलेली आपली मुलगी गप्प बसते.

तिची भाषा कच्ची नसते. मॅक्स म्युलर भवनातल्या जर्मनच्या पायऱ्या तिनं एकेक करून चढलेल्या असतात. हीटरच्या बिलावरून ती घरमालकाशी जर्मनमध्ये हुज्जत घालते. जर्मन विद्यापीठात प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या टेस्टडाफ या भाषा-परीक्षेच्या तोंडी भागात तिनं आपलं मतही मांडलेलं असतं. पण तिथे समोर यंत्र होतं, आणि यंत्र भुवया उंचावत नाही. इथे समोर प्राध्यापक आहेत.

आपल्याकडे वर्गातलं मौन हा आदर समजला जातो. 'सरांना उलट बोलू नये' हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. जर्मन सेमिनारमध्ये त्याच मौनाचा अर्थ बहुतेकदा वेगळा लावला जातो : हिनं नेमून दिलेलं वाचलेलं नाही, किंवा हिला विषयात रस नाही. याचं मूळ जुनं आहे. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा विल्हेल्म फोन हुम्बोल्ट यांची कल्पना अशी होती, की प्राध्यापक विद्यार्थ्यासाठी नसतो; दोघंही ज्ञानासाठी असतात. एकाच कामावरची दोन माणसं एकमेकांच्या चुका दाखवणारच. म्हणून तिथे रेफेराट देणाऱ्या मुलाला 'मला हे पटत नाही' असं ऐकवणारा सोबती तास संपल्यावर त्याच मुलाबरोबर मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवायला जातो.

एवढं कळल्यावर आपली मुलगी धीर करून तोंड उघडते. पण तिच्याकडे दोनच वाक्यं असतात : 'फार छान झालं' आणि 'हे चूक आहे'. पहिल्यानं चर्चा पुढे सरकत नाही, दुसरं पुराव्याशिवाय टिकत नाही. या दोहोंच्या मध्ये जो जिना आहे, तीच विद्यापीठीय भाषा.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९७९ मध्ये हा फरक नेमका मांडला. रोजच्या व्यवहाराची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. स्थलांतरित शाळकरी मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरी वर्गाच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्याचं म्हणणं. ही मोजमापं शाळेतली, पण इशारा सगळ्यांनाच लागू आहे : बाजारात भाषा अडत नाही म्हणजे ती सेमिनारमध्ये अडणार नाही, असं नाही.

आता जिन्याच्या पायऱ्या पाहू. जर्मनमध्ये 'तो आजारी आहे' याला 'एर इस्ट क्रांक' म्हणतात. पण 'एर झाय क्रांक' म्हटलं की अर्थ होतो, 'तो आजारी आहे, असं सांगितलं जातं. मी फक्त पोचवतोय'. क्रियापदाचं एक रूप बदललं की विधानाची जबाबदारी मूळ बोलणाऱ्याकडे जाते. जर्मन वर्तमानपत्रं आणि संशोधनलेख या रूपावर चालतात. वर्गात हे शिकवलं की आपल्या मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना विचारावं, 'तो म्हणे आजारी होता' यातलं 'म्हणे' काय करतं? जवळपास तेच. फरक इतकाच, की आपल्या 'म्हणे'च्या ओठांवर थोडं हसू असतं आणि जर्मन रूपाचा चेहरा कोरा असतो.

दुसरी पायरी खात्रीच्या मापाची. रस्ता ओला दिसला की आपण 'पाऊस पडला' म्हणत नाही. 'पाऊस पडला असावा' म्हणतो. हे 'असावा' जर्मनमध्ये 'ड्युर्फ्टं' या शब्दानं येतं. तिसरी पायरी, 'त्स्वार… आबर' : 'हे खरं, पण…'. आधी समोरच्याचं जेवढं बरोबर तेवढं पदरात घालायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. ही आपल्या शास्त्रचर्चेतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचीच रीत. व्याकरणकार पतंजलीचं महाभाष्य तिच्यावरच उभं आहे.

आणि याच पतंजलीवरून एका मराठी माणसानं बर्लिनशी वाद घातला होता. पतंजली कोणत्या काळातला, या प्रश्नावर रा. गो. भांडारकर आणि बर्लिनचे प्राध्यापक आल्ब्रेख्ट वेबर १८७२पासून 'इंडियन अँटिक्वेरी'त जाहीरपणे भिडले. भांडारकरांनी भाष्यातली साधी उदाहरणवाक्यं पुढे केली : कोणत्या राजासाठी यज्ञ चालला आहे, यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, कोणतं नगर वेढलं. या घटना पतंजलीच्याच काळातल्या, असं धरून त्यांनी त्याला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यात बसवलं. जर्मन पंडिताला विरोध केला म्हणून जर्मनीची दारं त्यांना बंद झाली नाहीत. १८८५ साली ग्यॉटिंगेन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

म्हणजे जिना आपल्या घरातच आहे. फक्त शाळेत मराठी शिकताना 'म्हणे' आणि 'असावं' यांच्याकडे विचाराचं हत्यार म्हणून कुणी बोट दाखवलेलं नसतं. निबंधात सगळी वाक्यं 'आहे'वर संपतात, आणि तीच सवय विमानात बसून सोबत येते.

या आठवड्याचा गृहपाठ : कोणताही मराठी अग्रलेख घ्या. प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणे', 'असावं' किंवा 'आहे' यांपैकी एक खूण करा. कोणतं विधान दुसऱ्याचं, कोणतं अंदाजाचं आणि कोणतं लेखक स्वतःच्या खांद्यावर घेतो, ते दिसेल. मग तोच खेळ स्वतःच्या जुन्या निबंधावर करा. तिथे 'आहे' किती भरतात ते मोजा.

(पुढील लेखांकात : 'हे काम माझं स्वतःचं आहे' असं लिहून खाली सही करताना आपण नेमकं काय कबूल करतो?)