पोट लहान झाल्यानंतरचे ताट

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही बाब आता वर्तमानपत्रातील जाहिरातीपुरती राहिलेली नाही. आपल्या नात्यागोत्यात, वस्तीत किंवा कार्यालयात अशी शस्त्रक्रिया झालेली एखादी तरी व्यक्ती आढळते. त्या व्यक्तीविषयी दोन तऱ्हेचे बोलणे आपल्या कानावर येते. एक, "पैसे टाकले नि बारीक झाली, तिला काय कष्ट पडले?" आणि दुसरे, "चिमणीएवढे खाते, अशाने अंगात ताकद राहणार कशी?" दोन्ही बोलण्यांत तथ्य कमी आणि अज्ञान जास्त आहे. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. खरे काम त्यानंतर स्वयंपाकघरात सुरू होते व ते जन्मभर चालते. या कामाची माहिती रुग्णाला रुग्णालयात दिली जाते. परंतु जे त्याला रोज रांधून वाढतात त्यांच्यापर्यंत ती पोचतेच असे नाही. ती त्यांना मिळावी, आणि विज्ञान शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यामागील कारणेही कळावीत, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम ही शस्त्रक्रिया कोणासाठी असते ते पाहू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्यास बॉडी मास इंडेक्स म्हणतात. उंची १.५५ मीटर आणि वजन ९० किलो असेल तर हा आकडा साधारण ३७.५ येतो. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने १९९१ साली शस्त्रक्रियेसाठी ४० ही मर्यादा सुचविली. मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार सोबत असल्यास ३५. पुढे २०२२ साली या विषयातील दोन प्रमुख वैद्यकीय संघटनांनी ती खाली आणली आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासून विचार करावा असे सांगितले. आपल्याला वेगळे माप कशासाठी? तर कमी वजनावरही आपल्या पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. सबब ही शोभेची शस्त्रक्रिया नव्हे. ती करून घेणाऱ्याची टिंगल करणे आम्हाला मधुमेही माणसाची टिंगल करण्यासारखेच वाटते.

आज दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात चहाच्या कपाएवढेच अन्न मावते. काढलेल्या भागातच भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर केवळ जागाच कमी होते असे नाही, तर काही काळ भूकही मंदावते. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली त्याचा आरंभ केला. यात जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठ्या चमच्यांएवढी, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, मात्र अन्न तिकडून जात नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यत्वे याच वगळलेल्या भागात शोषले जाते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पहिले एक-दोन दिवस केवळ पाणी, गाळलेले डाळीचे पाणी, पातळ सूप. पुढे दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, पातळ पेज अशी द्रवे. नंतर दोन आठवडे घुसळलेले वरण, मऊ दही, कुस्करलेले अंडे. त्यानंतर मऊ खिचडी, पनीर, शिजवून मऊ केलेला मासा. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या जेवणाकडे वळता येते. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि आपल्या रुग्णाने त्याला दिलेलेच पाळावे. टाके आतून भरून येत असतात. त्या काळात "एक घास भाताचा घेऊन तर बघ" असे म्हणणे प्रेमाचे असले तरी धोक्याचे आहे.

नेहमीचे जेवण सुरू झाले की खरी अडचण उभी राहते. सर्वच पदार्थ पूर्वीसारखे सोसत नाहीत. स्वित्झर्लंडमधील डॉ. मिशेल सुटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यासाठी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. लाल मांस, पांढरे मांस, कच्ची कोशिंबीर, भाज्या, पाव, भात, पास्ता आणि मासे हे आठ पदार्थ नीट खाता येतात की त्रासाने, आणि उलटी किती वेळा होते, असे विचारून २७ पैकी गुण देतात. गुण जितके जास्त तितके खाणे सुलभ. यादी युरोपातील असली तरी आपल्या ताटाशी तिचे चांगलेच जुळते. मऊ पाव आणि ताजी चपाती लाळेत मिसळून कणकेसारखा गोळा होते व अरुंद वाटेत अडते. मोकळ्या दिसणाऱ्या भाताचाही आत गेल्यावर लगदा होतो, शिवाय तो फुगतो. मटणाचे धागे दातांनी पुरते तुटत नाहीत. अन्न अडले म्हणजे छातीच्या मधोमध दाटते, तोंडात फेसाळ लाळ सुटते, कधी नाक वाहू लागते आणि शेवटी घास परत येतो. घरातल्यांना वाटते, नखरे चालले आहेत.

उपाय बहुधा साधे असतात. मटणाऐवजी खिमा, मऊ पावाऐवजी कडक टोस्ट, भाताआधी घट्ट वरण किंवा अंडे. संत्र्याची फोड खायची तर तिच्यावरची पातळ साल आणि पांढरे धागे काढूनच खावी. ते न पचता पोटात गोळा होऊन वाट बुजल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. घास लहान, वीस-तीस वेळा चावलेला, आणि एक जेवण वीस ते तीस मिनिटे चाललेले. घाईघाईने उभ्या उभ्या जेवणाऱ्या नोकरदार माणसाला हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. आज जे सोसले नाही ते कायमचे गेले असेही नाही. बहुतेकांना पहिल्या वर्षानंतर बरेचसे पदार्थ चालू लागतात. काही आठवड्यांनी एखादा घास पुन्हा घेऊन पाहावा. चवही बदलते. कोणाला गोड फार गोड लागते, कोणाला मांसाच्या वासानेच मळमळते. हा बदल काही महिन्यांत ओसरू शकतो.

परंतु या सगळ्यात एक सापळा आहे आणि आमच्या मते तोच सर्वांनी नीट समजून घ्यायला हवा. जे अडते ते बहुधा पोषक असते आणि जे बिनबोभाट उतरते ते बहुधा कुचकामी. चहात बुडवलेले बिस्किट, शेव, वेफर, आइस्क्रीम, चॉकलेट हे तोंडात विरघळतात, कुठे अडत नाहीत, पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. दोन-चार वेळा मटणाने किंवा उसळीने त्रास झाला की माणूस नकळत अशा पदार्थांकडे वळतो. घरचेही म्हणतात, "असू दे, हे तरी पोटात राहते." परिणामी प्रथिने घटतात, स्नायू झडतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागते. पदार्थ सोसतो आणि पदार्थ उपयोगी पडतो, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

प्रथिनांचा हिशेब मांडून पाहू. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत असे सांगतात. दोन अंड्यांतून १२, एका मोठ्या कपभर दुधातून किंवा दह्यातून सुमारे ७, कच्च्या ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणातून ७, शिजलेल्या ५० ग्रॅम कोंबडीतून १२ आणि कोरड्या ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १५. बेरीज ५३. एवढे सगळे चहाच्या कपाएवढ्या पोटातून दिवसभरात पाच-सहा वेळा थोडे थोडे पाठवायचे! म्हणून ताटात प्रथिनाचा पदार्थ आधी, भाजी नंतर आणि भात-चपाती जागा उरल्यास, असा क्रम असतो. कमी पडते ते भरण्यासाठी प्रथिनांची पूड देतात. तिला कोणी "बॉडी बनविणाऱ्यांची पावडर" म्हणून हसू नये. अंडी-मांस न खाणाऱ्यांना आणि बायपासनंतर ज्यांना दूध पचेनासे होते त्यांना हा हिशेब आणखी कठीण जातो. दूध न चालल्यास दही, ताक पुष्कळदा चालते.

पाणी जेवणासोबत नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे आणि दिवसभरात दीड लिटर तरी व्हावे. फसफसणारी शीतपेये टाळावीत. बायपास झालेल्यांनी उसाचा रस, गुलाबजाम, गोड चहा यांबाबत विशेष सावध असावे. नेहमी जठराच्या तोंडाशी असलेली झडप अन्न थोडे थोडे पुढे सोडते. बायपासमध्ये ती वाटेतच येत नाही. साखर एकदम आतड्यात उतरते, रक्तातील पाणी तिकडे ओढले जाते आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. यास डंपिंग म्हणतात. याचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटून रक्तातील साखर घसरते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी थोडी साखर द्यावी लागते, पण असे वारंवार घडत असेल तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. मधुमेहाच्या जुन्या गोळ्याही जुन्याच प्रमाणात चालू ठेवू नयेत. ते प्रमाण डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे.

आता आग्रहाविषयी. आपल्याकडे पाहुण्याला पोटभर वाढणे हे मानाचे लक्षण. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे सरकला की शेजारी म्हणतो, "अहो, घाला त्यांना अजून एक!" ज्याचे पोट लहान केले आहे त्याला हा एक जास्तीचा घास उलटीपर्यंत नेतो. मग तो पंगतीत बसणेच टाळतो. समारंभांना जात नाही. विचारले तर बरे नाही म्हणतो. शस्त्रक्रिया सांगायची त्याला लाज वाटते आणि न सांगता सुटका नाही. अशा माणसाला ताटाऐवजी वाटी देणे आणि त्याचे खाणे संपले की त्याच्याशी गप्पा मारत बसणे, एवढे कोणालाही करता येईल.

दारूचा उल्लेख करणे भाग आहे. बायपासनंतर ती रक्तात फार वेगाने आणि जास्त चढते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. खाण्यातला आनंद आटल्यावर काहीजण तो ग्लासात शोधतात, हे घरच्यांनी वेळीच ओळखावे.

उलट्यांकडे दुर्लक्ष करू नये, हे आम्ही ठळकपणे सांगू इच्छितो. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. रोज उलट्या होत राहिल्या तर तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो: एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ. अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेऊन अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावले जाण्याचा संभव असतो. थायमिनशिवाय ग्लुकोज दिल्यास प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून डॉक्टरांपुढे जाताच पहिले वाक्य हेच असावे की, यांची लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेली आहे. तसेच अंगदुखी, डोकेदुखीसाठी दुकानातून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर आणू नयेत. बायपासनंतर त्यांमुळे जोडणीच्या जागी व्रण होतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुतांशी परत येतात, मात्र प्रथिने व लोह कमी असल्यास गळणे लांबते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कायमचे घ्यावे लागते. तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा पुढे ढकलावी असा सल्ला आहे. सासरच्या मंडळींना तो आधीच सांगितलेला बरा.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी होते. मधले सात टक्के परत आले, ते सर्वस्वी कोणाच्या आळसाने नव्हे. भूक हळूहळू परतते आणि पोट थोडे सैलावते. मात्र गोळ्या सुटतात त्याही याच काळात. वजन उतरलेले, प्रकृती ठणठणीत, मग औषध कशाला, असे वाटू लागते. बी-१२ चा यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही. पुढे पायांना मुंग्या येतात, विसरायला होते, जिना चढताना दम लागतो आणि तोवर शस्त्रक्रियेचा कागदही सापडेनासा झालेला असतो. तो कागद घरात रेशनकार्डाजवळ ठेवावा आणि दरवर्षी ठरलेल्या महिन्यात हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची रक्ततपासणी करून घ्यावी.