पहिली युद्धकला निवडताना आधी जमीन पाहा

लेखमाला : मैदानाकडे जाताना – भाग ५

मुलांना कोणत्या वयात मैदानावर पाठवावे, हे गेल्या भागात पाहिले. त्यामागोमाग येणारा प्रश्न म्हणजे कराटे, तायक्वांदो, ज्युदो, बॉक्सिंग की कुस्ती? मोठ्या शहरांत या प्रश्नाला अर्थ असतो. देवरी किंवा सालेकसासारख्या लहान गावातल्या मुलीला मात्र संध्याकाळच्या बसने घरी परतता येईल इतक्या अंतरावर एखाद-दुसरा वर्ग मिळाला तरी पुष्कळ. म्हणून नावाच्या पाटीकडे पाहण्याआधी शिकणाऱ्यांच्या पायाखाली काय आहे ते पाहावे. फरशी, गादी की माती, यावर तिथे काय शिकवता येईल हे बरेचसे ठरते.

फरशीपासून सुरुवात करू. कराटे-तायक्वांदोचे वर्ग लहान गावांतही निघतात, कारण शाळेचे पटांगण किंवा एखादे सभागृह त्यांना पुरते. ओकिनावाचे कराटे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत दाखवले आणि पुढे ते जगभर शाळा-कॉलेजांतून पसरले. तायक्वांदोत पायांना मान अधिक. स्पर्धेत ठोशाला एक गुण, छातीच्या गार्डवरच्या साध्या लाथेला दोन, तर डोक्यावरच्या लाथेला तीन. नवख्याला दोन्हींतून तोल, लवचिकता आणि समोरच्यापासूनच्या अंतराचा अंदाज मिळतो. पण सिमेंटवर कोणाला उचलून आपटता येत नाही. त्यामुळे कोणी कॉलर धरली, ओढले, पाडले तर काय करायचे, याचा खरा सराव तिथे होत नाही.

तो होतो गादीवर. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला. त्यात पाडण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, हात गादीवर सपाट आपटायचा, डोके जमिनीला लागू द्यायचे नाही. सायकलवरून किंवा ओल्या बांधावरून घसरल्यावरही हेच अंगवळण उपयोगी पडते. गाद्या महाग, त्यामुळे हे वर्ग कमी. पण नुसत्या सतरंजीवर मुलांना आपटणारा वर्ग दिसला, तर नाव न घालता परत फिरावे.

तिसरी माती. आपल्याकडच्या कुस्तीच्या दंगली याच मातीत होतात. आखाड्याची माती खणून भुसभुशीत करतात, तिच्यात हळद, ताक, तेल मिसळतात. इथे जोडीदार पहिल्या दिवसापासून खरा विरोध करतो. अंगात किती ताकद आहे आणि दम कुठे संपतो, हे इतक्या लवकर दुसरीकडे कळत नाही. खर्चही कमी. अडचण अशी, की अनेक आखाड्यांत मुलींसाठी सोय नसते आणि आजच्या बहुतेक अधिकृत स्पर्धा मॅटवर होतात. पण मातीवर शिकलेले वाया जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अनोळखी मॅटवर ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पहिली विद्या जन्मभराची नसते. तिच्यावर दुसरी चढवता येते.

बॉक्सिंगला या हिशेबात वेगळे धरावे. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये जागतिक युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्यापासून विदर्भातल्या मुलींना हे दार उघडे दिसू लागले आहे. मात्र इथे डोक्याला मार बसतो. सुरुवातीचे महिने पायांची हालचाल, बॅग आणि पॅड यांवरच घालवणारा प्रशिक्षक शोधावा.

वर्ग ठरवण्याआधी एक तास नुसते बसून पाहावे. मुले रांगेत उभी राहून हवेतच हातपाय मारतात, की जोडीने सराव करतात? चुकलेल्याला थांबवून कोणी दुरुस्त करते का? लागल्यावर प्रथमोपचार आहेत का? पट्ट्याची परीक्षा कोणती संघटना घेते हेही विचारावे, कारण एका संघटनेचा पट्टा दुसरी मानेलच असे नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. कोणत्या खेळाच्या स्पर्धा कधी आहेत, याची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात करता येते.

आणि सुरुवात कधी करावी? रोवणीच्या दिवसांत शेतकरी घरातल्या मुलांचे खाडे ठरलेले, तर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. धान घरात आले, गावोगावच्या मंडया (जत्रा) सुरू झाल्या, की सकाळी गारवा असतो आणि हाताशी वेळही. तेव्हा सुरू केले तर उन्हाळ्यापूर्वी सलग तीन-चार महिने मिळतात. पुढे रमायचे की दुसरा वर्ग पाहायचा, हे ठरवायला तेवढे पुरे.

पुढील भागात : गणवेश, हातमोजे आणि गार्ड – आधी काय घ्यावे, काय थांबू शकते.