रोजच्या वाटेवर लहान मोटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात 2024-25 या आर्थिक वर्षात सुमारे 43 लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांतली 65 टक्के ‘युटिलिटी’ गटातली होती, म्हणजे एसयूव्ही, एमयूव्ही आणि त्यांच्या भाऊबंद गाड्या. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि त्यानंतरची अनेक वर्षे मध्यमवर्गीय घरातली पहिली गाडी लहानच असे. आता पहिलीच गाडी उंच, रुंद आणि जड घेण्याकडे कल आहे. काही जण तर मालवाहू हौदा असलेली पिकअपही घरच्या वापरासाठी घेतात.

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत हा बदल ठळक दिसतो. एका बाजूला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, दुसऱ्या बाजूला कासारसाईकडे जाणारा रस्ता, आणि मधल्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या सोसायट्या. येथील रहिवाशाची धाव बहुधा लक्ष्मी चौक, शिवाजी चौक, भूमकर चौक किंवा वाकडपर्यंत असते. चाकणच्या कारखान्यात नोकरी असेल, तर देहूरोड-तळेगावमार्गे आणखी पुढे. मोटारींचे सगळे आकार याच पट्ट्यात घडले आहेत. पिंपरीच्या टाटा कारखान्याची ओळख ट्रकची, पण 1998 ची इंडिकाही तिथलीच. हॅरिअर, सफारी आणि लहान आल्ट्रोझही तिथेच बनतात. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही 700 चाकणच्या. तरीही गाडी निवडताना कोणती गाडी कशासाठी, यापेक्षा ऐकीव समजांवरच जास्त भिस्त असते.

‘नव्या इंजिनांमुळे मोठी गाडीही आता फारसे पेट्रोल खात नाही’

इंजिने सुधारली हे खरे, पण वजन सुधारणेला दाद देत नाही. थांबलेली गाडी ताशी 36 किलोमीटर वेगाला न्यायची, तर प्रवाशांसह एक टन भरणाऱ्या गाडीला साधारण 50 किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते आणि दोन टनांच्या गाडीला 100. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे एकदा वेग घेऊन थांबण्याची किंमत लहान गाडीला सुमारे 7 मिलिलिटर पेट्रोल आणि मोठीला 14. भूमकर चौकातून सकाळी हिंजवडीत शिरताना असे किती वेळा होते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. हायब्रिड गाडी यातली थोडी ऊर्जा बॅटरीत परत साठवते. साध्या पेट्रोल गाडीत ती पूर्ण वाया जाते.

मोकळ्या रस्त्यावर वजनाची जागा हवेचा अवरोध घेतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि गाडीचा दर्शनी भाग जितका उंच-रुंद तितका जास्त असतो. त्यामुळे द्रुतगती मार्गावर ताशी 100 ने जातानाही उंच गाडी आपली उंची इंधनात फेडत राहते.

‘ॲव्हरेज’च्या आकड्यामुळेही दिशाभूल होते. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था. त्या चाचणीच्या ठरलेल्या चक्रात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो, आणि हिंजवडीची कोंडी त्यात नसते. म्हणून 2024 च्या स्विफ्टचा लिटरमागे 24.80 किलोमीटर हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला कामाचा. महिन्याचा खर्च त्यावर मांडू नये. दुसरे असे की, किलोमीटर-प्रति-लिटरमधला फरक डोळ्यांना दिसतो तसा खिशात उतरत नाही. 20 चे 24 झाले तर 100 किलोमीटरमागे 0.83 लिटर वाचते. 9 चे 11 झाले तर 2 लिटर. गाडी जितकी खादाड, तितका तिच्या ॲव्हरेजमधला एकेक किलोमीटर महाग. यासाठी हिशेब नेहमी 100 किलोमीटरला किती लिटर, असा करावा.

एक उदाहरण मांडून पाहता येते. रोज 30 किलोमीटर, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 9,000 किलोमीटर. गर्दीत लहान पेट्रोल गाडीने 16 चे ॲव्हरेज दिले आणि मोठ्या पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्हीने 9 चे, असे धरले तर एकीला 562 लिटर लागतात, दुसरीला 1,000. लिटरला 104 रुपये दराने वर्षाचा फरक साडेपंचेचाळीस हजारांच्या घरात जातो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने हा फरक एक टन होतो. डिझेल एसयूव्हीमुळे पैशातला फरक बराच कमी होतो, हे मान्य करायला हवे. पण बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला इंजिन काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावे लागते. रोज पाच-सात किलोमीटर रांगत जाणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, फिल्टर तुंबतो आणि गॅरेजची वारी घडते.

‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’

हा समज सर्वांत घट्ट आहे, आणि त्यात सत्याचा अंश आहे म्हणूनच तो नीट तपासायला हवा. एक टनाची आणि दोन टनांची गाडी समोरासमोर आदळल्या, तर हलक्या गाडीच्या वेगात होणारा अचानक बदल दुप्पट असतो, आणि आतल्या माणसांना धक्काही त्या मानाने मोठा बसतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे; स्टार-मानांकनाने तो बदलत नाही.

मात्र आकार म्हणजे मजबुती नव्हे. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य स्टार मिळाले. 2020 च्या जानेवारीत चार मीटरांहून आखूड आल्ट्रोझने पाच स्टार मिळवले आणि टियागोने चार. 2022 मध्ये नव्या घडणीच्या स्कॉर्पिओ-एनने पाच स्टार मिळवले. नाव तेच, आकार मोठाच. बदलला तो सांगाडा आणि सुरक्षा-साधने. लहान गाड्या सगळ्याच भरवशाच्या, असेही नाही. 2023 च्या निकालांत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी वॅगन आरला एक आणि अल्टो के10 ला दोनच स्टार होते. पुढे 2025 मध्ये या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट देणे सुरू झाले. मारुतीच्याच चार मीटरांच्या आतल्या नव्या डिझायरने 2024 मध्ये पाच स्टार कमावले. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशी चाचणीही सुरू आहे. शोरूममध्ये जाण्याआधी तिचा निकाल पाहणे हे गाडीची लांबी पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

याहून मोठा मुद्दा असा की, रस्त्यावर मरणारी बहुतेक माणसे मोटारीच्या आत नसतातच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार अपघाती मृतांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवर होते आणि 19 टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. लहान गाडीचे उतरते बॉनेट पादचाऱ्याच्या पायांना लागते; उंच, उभ्या तोंडाच्या गाडीचा मार छाती-डोक्यावर बसतो. अमेरिकेच्या आयआयएचएस या संस्थेने 2023 मध्ये मांडलेल्या अभ्यासात 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक, 30 इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याला ठार करण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी जास्त आढळली. उंच बॉनेटपुढचे लहान मूल चालकाला दिसतही नाही. मारुंजीतल्या कित्येक रस्त्यांना धड पदपथ नाहीत. शाळेची मुले, बांधकामावरचे मजूर आणि मोटारी एकाच डांबरावरून जातात. तिथे सुरक्षिततेचा विचार फक्त काचेच्या आतल्या माणसांपुरता करणे रास्त नाही.

‘खड्डे आणि पावसाचे पाणी, म्हणून एसयूव्हीच हवी’

खड्ड्यांसाठी हवा असतो तो ग्राउंड क्लिअरन्स, आणि तो आकाराला बांधलेला नाही. टियागोचा 170 मिलिमीटर आहे, क्विडचा 184, रांजणगावात बनणाऱ्या पंचचा 187. तिन्ही गाड्या चार मीटरांच्या आतल्या. पाच माणसे भरली की गाडी खाली बसते आणि एखादा बेढब गतिरोधक तळाला घासतो, ही लहान गाडीची खरी अडचण आहे. पण रोज एक-दोन माणसेच जात असतील तर ती क्वचितच येते.

पाण्याचे गणित वेगळे. 2025 च्या जूनमध्ये आयटी पार्कच्या रस्त्यांवर तळी साचली, तेव्हा उंच गाड्यांचे चालक त्यातून बिनधास्त पुढे जाताना दिसले. इंजिन हवा ओढते त्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी गेले, तर कोणतेही इंजिन बंद पडते आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. वाहत्या पाण्याचा धोका तर त्याहून मोठा: फूटभर खोल प्रवाह लहान गाडीला तरंगवतो आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्ही-पिकअपनाही वाहून नेते. ओढ्याच्या पुलावर पाणी असेल तर गाडी कोणतीही असो, थांबणे हाच उपाय. ‘फोर बाय फोर’चाही इथे उपयोग नाही. चिखलातून निघायला ती मदत करते, थांबायला करत नाही. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही टू-व्हील ड्राइव्हच असतात.

‘लहान गाडी घाटात दम टाकते’

मारुती 800 च्या इंजिनाची ताकद जेमतेम 37 अश्वशक्ती होती आणि ती गाडी खंडाळ्याचा घाट वर्षानुवर्षे चढली. आजच्या स्विफ्टची ताकद 80 च्या वर आहे. भरलेल्या गाडीत एसी लावून चढताना गिअर एक पायरी खाली घ्यावा लागतो, एवढेच.

‘फरक फक्त शोरूमच्या किमतीत’

किमतीतला फरक एकदाच दिसतो. बाकीचा कर, विमा आणि टायरांतून येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरांच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल व 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे. त्यापुढच्यांना 40 टक्के. महाराष्ट्रात वाहन कर किमतीच्या टक्केवारीने आकारतात. 6 लाखांच्या पेट्रोल गाडीला 11 टक्क्यांनी 66 हजार होतात, तर 18 लाखांच्या डिझेल गाडीला 14 टक्क्यांनी अडीच लाखांहून अधिक. 2022 मध्ये ठरलेला थर्ड पार्टी विम्याचा दर 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आहे आणि 1500 सीसीच्या वर 7,897. टायर 13-14 इंचांऐवजी 17-18 इंचांचे घ्यायचे तर दर काही वर्षांनी तोही फरक मोजावा लागतो.

पार्किंगचा खर्च पैशात मोजता येत नाही. सोसायटीतली जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. 1.62 मीटर रुंदीची वॅगन आर तिथे लावली की दोन्ही बाजू मिळून 88 सेंटिमीटर उरतात, 1.917 मीटरची स्कॉर्पिओ-एन लावली की 58. खांबाशेजारच्या जागेत आजी-आजोबांना दार उघडून उतरवायचे म्हटले की या 30 सेंटिमीटरांचे मोल कळते. 5.325 मीटर लांबीची हायलक्स पिकअप तर जागेबाहेर फूटभर डोकावते.

‘इलेक्ट्रिक घेतली की आकाराचा प्रश्न मिटला’

धूर मिटतो, वजन मिटत नाही. टियागो ईव्हीची मोठी बॅटरी 24 किलोवॅट-तासांची आहे. चाकणला बनणाऱ्या एक्सईव्ही 9ई ची 79 पर्यंत. जास्त खनिजे, जास्त वजन आणि घरच्या साध्या प्लगवर जास्त तास चार्जिंग, हे त्यामागे आलेच. रोजच्या 30 किलोमीटरांना लहान बॅटरी पुरून उरते. पेट्रोलला दुसरा पर्याय सीएनजीचा. त्याबाबतची जुनी तक्रार, की टाकीने डिकी खाल्ली, 2023 पासून थोडी सौम्य झाली आहे: आल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या आणि वर सामानाला जागा ठेवली.

‘सामान न्यायला पिकअप घरात असलेली बरी’

रिकामी पिकअप रोज हाकणे म्हणजे न वापरलेला हौदा इंधन जाळून फिरवणे. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा वजन पेलण्यासाठी असतात, त्यामुळे रिकामी असताना ती खड्ड्यांवर उसळते, आणि उघड्या हौद्यातला किराणा पावसात भिजतो. वॅगन आरच्या डिकीत 341 लिटर जागा आहे आणि मागची सीट दुमडली की तांदळाची पोती, कुंड्या, लहान टेबल सहज मावते. कपाट किंवा फ्रिज हलवण्याची वेळ वर्षातून एखादी येते. त्यासाठी टाटा एस, म्हणजे 2005 मध्ये आलेला ‘छोटा हत्ती’, चौकात भाड्याने मिळतो आणि पाऊण टनाच्या आसपास माल नेतो.

ज्यांचे काम रोज मालाचे आहे त्यांची गोष्ट निराळी. कासारसाई-नेरे भागातला भाजी किंवा दूध नेणारा शेतकरी, बांधकामाचे साहित्य पोहोचवणारा ठेकेदार, कार्यक्रमांना मंडप पुरवणारा व्यावसायिक, यांना पिकअपच लागते, कारण तिचा हौदा रोज भरतो. सात-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबालाही तीन ओळींच्या आसनांची गाडी लागते. दोन लहान गाड्या काढण्यापेक्षा ती एकच परवडते.