फाटकी जीन्स आणि नेपोलियनचा घोडा

गेल्या दिवाळीत पालघरला आत्याबाईंकडे फराळाला गेलो होतो. त्यांच्या बैठकीत सासऱ्यांची तसबीर आहे. मागे पडद्यावर रंगवलेले राजवाड्याचे खांब, हाताशी नक्षीदार तिवई, अंगात काळा कोट. कोट फोटोवाल्याचा; ढगळ होता म्हणून पाठीमागून टाचण्या लावलेल्या! हे आत्याबाईच हसत सांगतात.

इतक्यात बोईसरहून त्यांचा नातू आला. तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आहे. अंगात हुडी, जीन्स गुडघ्यावर फाटलेली. घरातल्या सर्वांचा फोटो काढायचा होता.

"हे ध्यान घेऊन फोटोत उभा राहणार?" आत्याबाई कडाडल्या.

"आजी, पणजोबा तरी कुठे स्वतःच्या कपड्यांत आहेत?"

मला केहिंदे वायली आठवला. १९७७ साली जन्मलेला हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय चित्रकार. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्याला रस्त्यावर एका काळ्या तरुणाचा चुरगळलेला फोटो सापडला. पोलिसांनी आरोपीचा काढतात तसला! माणसाचे चित्र तेही. पण आपण कसे दिसावे हे त्यात त्या तरुणाच्या हाती नव्हते. मग वायलीने रस्त्यावरच्या तरुणांनाच बोलावले, पुढ्यात युरोपातल्या सरदार-उमरावांच्या चित्रांची पुस्तके ठेवली. आवडेल त्या चित्रासारखे उभे राहा. कपडे मात्र अंगावरचेच असू द्या!

२००५ साली त्याने रंगवलेला 'नेपोलियन' पाहा. मूळ चित्र दाविदचे, १८०१ मधले : उधळलेला घोडा, वर नेपोलियन. (आल्प्स ओलांडताना स्वारी प्रत्यक्षात खेचरावर होती, पण राजचित्रात खेचर कोण काढणार?) वायलीच्या घोड्यावर सैनिकी छापाच्या ढगळ कपड्यांतला, डोक्याला रुमाल बांधलेला काळा तरुण आहे. खांद्यावरून सोनेरी झगा फडफडतो आहे. दाविदने खाली खडकावर बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावे कोरलेली दाखवली होती. वायलीने त्यांच्या पंगतीत त्या तरुणाचे आडनाव कोरले. मला चित्रातली ही जागा सर्वांत मोलाची वाटते. एरवी त्याच्या चित्रांतली पाठीमागची वेलबुट्टी पुन्हा पुन्हा पाहून डोळे थकतात, हेही खरे.

आत्याबाईंच्या सासऱ्यांना मात्र मी हसणार नाही. चौकटीत मानाने उभे राहायला त्या काळी कोट लागे. नसला तर मागून आणावा लागे.

हे सारे मी फराळ करता करता सांगितले. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. फोटोच्या वेळी त्यांनी नातवाला आपल्याशेजारी ओढले, त्याच्या डोक्यावरची हुडीची टोपी मागे सारली आणि फाटक्या गुडघ्यापुढे चकलीचा डबा धरला.